जुन्या पीसीसाठी मोडेमचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जिनिंग, डाळमिल, आडत दुकाने, पतपेढ्या आणि शाळा यांच्या माळ्यांवर अजूनही जुने पीसी कापडात गुंडाळून ठेवलेले सापडतात. कुणाला त्यातली खतावणी बाहेर काढायची असते, तर कुणाला वडिलांच्या काळातले यंत्र पुन्हा चालू करून त्यावरून एखाद्या बीबीएसशी (फोनवरून जोडून संदेश आणि फाइली घेता येणाऱ्या सार्वजनिक संगणकाशी) जोडणी करून पाहायची असते. दोघेही मला पहिला प्रश्न एकच विचारतात की, मोडेमसाठी, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या उपकरणासाठी, कोणते सॉफ्टवेअर घालायचे. माझे सांगणे असे की सॉफ्टवेअरचे नाव सर्वांत शेवटी ठरवावे. पलीकडच्या टोकाला कोण आहे, आपल्या पीसीचा सिरियल पोर्ट (बिट एकामागे एक पाठवणारा जोड) किती वेग झेपवतो आणि तारेवरून देवनागरी मजकूर जाणार आहे का, या तीन गोष्टी आधी पक्क्या केल्या की यादीतली निम्मी नावे आपोआप गळून पडतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पलीकडे कोण आहे

मोडेमचे सॉफ्टवेअर म्हणजे टर्मिनल प्रोग्राम. तो दोन टोकांमधला दुवा असतो, आणि दुसरे टोक जे बोलते तेच आपल्याला बोलावे लागते. आजच्या घडीला तीन शक्यता असतात. पहिली म्हणजे टेबलावरचाच दुसरा संगणक, ज्याला जुना पीसी नल मोडेम केबलने थेट जोडला जातो; इथे मोडेम लागतच नाही, सॉफ्टवेअर मात्र तेच लागते. दुसरी म्हणजे वायफाय मोडेम. हे छोटे उपकरण सिरियल पोर्टला लावले की जुन्या पीसीला खऱ्या मोडेमसारखीच उत्तरे देते, आणि फोन क्रमांकाऐवजी इंटरनेटवरचा पत्ता घेऊन टेलनेटने (इंटरनेटवरून टर्मिनल जोडण्याच्या पद्धतीने) जोडणी करते. तिसरी शक्यता खऱ्या टेलिफोन लाइनवरच्या खऱ्या मोडेमची. अनेक ठिकाणी तांब्याची तार जाऊन फायबर आले आहे आणि त्यावर आवाज पाकिटांत चिरून पाठवला जातो, त्यामुळे मोडेमचा सूर मध्येच तुटतो. तशा लाइनवर प्रयोग करायचाच असेल तर १२०० किंवा २४०० बिट प्रति सेकंद याच्या वर जाऊ नये.

जुन्या काळी खान्देशात हा प्रश्न फार वेगळ्या वजनाने येत असे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, ती सुरुवातीला मोठ्या शहरांपुरतीच होती, म्हणून जळगाव-भुसावळहून जोडायचे तर मुंबईला एसटीडी, म्हणजे लांबचा फोन, लावणे आले. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून जागरण करून फायली उतरवल्या जात, आणि विसाव्या मिनिटाला लाइन तुटली की तेवढ्या मिनिटांचे बिल भरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे चालू करणारे सॉफ्टवेअर त्या काळी लोक का शोधत होते, हे यातून कळते. आज आपण एसटीडीचे बिल भरत नाही, पण तीस वर्षांची हार्ड डिस्क मध्येच बसू शकते, म्हणून तो गुण आजही तितकाच मोलाचा आहे.

आपला पीसी ओळखावा

पीसीच्या मागे ९ पिनांचा नर जोड दिसला तर तो सिरियल पोर्ट. २५ पिनांचा जोड असेल तर नीट पाहावे: पिना बाहेर आलेला नर जोड सिरियलचा आणि छिद्रांचा मादी जोड प्रिंटरचा असतो. जिनिंगमधल्या यंत्राच्या जोडांत सरकीची लव इतकी बसलेली असते की पिना दिसतच नाहीत, तेव्हा केबल लावण्यापूर्वी कोरड्या मऊ ब्रशने ती काढावी. शिवाय मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, म्हणून असे यंत्र भर दुपारी तासन्‌तास चालवू नये. पहाटे सुरू करावे आणि काम झाले की बंद करावे.

सिरियल पोर्टची चिप कोणती आहे यावर वेग ठरतो. मूळ आयबीएम पीसीत आणि त्यानंतरच्या एक्सटी या पीसीत ८२५० ही चिप असे. आलेले एकच अक्षर ती धरून ठेवते. ९६०० च्या वेगाला साधारण दर एक सहस्रांश सेकंदाला एक अक्षर येते, आणि तेवढ्यात प्रोसेसरने ते उचलले नाही तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन पडते आणि आधीचे हरवते. १६५५०ए या चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते, त्यामुळे प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते. विंडोज ३.१ आणि एमएस-डॉस ६ बरोबर येणारा एमएसडी हा प्रोग्राम चालवून कॉम (म्हणजे सिरियल) पोर्टांचा तपशील उघडला की चिपचे नाव तिथे लिहिलेले दिसते. माझ्या अनुभवात ४.७७ मेगाहर्ट्झच्या एक्सटीवर ९६००, २८६ प्रोसेसरच्या पीसीवर १९२०० आणि १६५५०ए असलेल्या ३८६ किंवा ४८६ वर ३८४०० व त्याहून अधिक वेग भरवशाने चालतो. याहून जास्त ओढाताण करून मिळवलेला वेग चुका दुरुस्त करण्यातच खर्ची पडतो.

आणखी एक अडचण इतक्या वेळा पाहिली आहे की ती इथे सांगितलीच पाहिजे. मोडेम उत्तर देतो, जोडणीही होते, आणि माउस हलवला की सगळे गोठते. कारण असे की कॉम १ आणि कॉम ३ हे दोन्ही पोर्ट सामान्यतः चौथी इंटरप्ट लाइन (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार) वापरतात, आणि कॉम २ व कॉम ४ तिसरी. माउस कॉम १ वर असेल तर मोडेम कॉम ३ वर ठेवू नये, कॉम २ वर ठेवावा. सॉफ्टवेअर बदलून ही अडचण जात नाही.

केबल स्वतः करायची असेल तर ९ पिनांच्या जोडात २ आणि ३ यांची अदलाबदल, ७ आणि ८ यांची अदलाबदल, ५ ला ५, आणि प्रत्येक टोकाच्या ४ ची जोडणी दुसऱ्या टोकाच्या ६ व १ ला, एवढे पुरते. ७ आणि ८ च्या तारा वाचवू नयेत. समोरच्याला थांब म्हणण्याचे काम त्याच तारा करतात, आणि त्या नसल्या तर थांबण्याची खूण मजकुरातच मिसळून पाठवावी लागते. तशी खूण असलेली दोन नियंत्रण-अक्षरे बायनरी (नुसता मजकूर नसलेल्या) फाइलमध्ये सहज सापडतात, आणि मग फाइल स्वतःच स्वतःला थांबवते.

आठवा बिट आणि देवनागरी

मराठी माणसासाठी हा या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि इंग्रजी पुस्तिकांमध्ये तो सापडत नाही. रोमन अक्षरे सात बिटांत मावतात. म्हणून जुन्या मोठ्या संगणकांशी बोलताना सात बिट, ईव्हन पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) आणि एक स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) अशी मांडणी सर्रास वापरली जाई, आणि अनेक टर्मिनल प्रोग्रामांत ती आजही तयार पर्याय म्हणून असते. देवनागरीसाठीचे इस्की मानक, म्हणजे आयएस १३१९४, १९९१, आठ बिटांचे आहे: खालच्या अर्ध्या भागात रोमन आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर मराठीत काम होऊ लागले ते याच घराण्यातल्या संकेतांवर.

आता आठवा बिट वाटेत गळला तर काय होते ते पाहा. मानकात क या अक्षराचा क्रमांक १७९ आहे. आठव्या बिटाचे मोल १२८. ते वजा झाले की उरतात ५१, आणि ५१ हा रोमन संकेतात ३ या आकड्याचा क्रमांक आहे. ख चा होतो ४, ग चा ५, च चा ८. कापूस हा शब्द आकडा ३, मग झेड, एच, वर टोक असलेली खूण आणि डब्ल्यू, अशा पाच चिन्हांत बदलतो. पीसीसाठी याच मानकाचे आणखी एक रूप होते, ज्यात चौकटीच्या रेघांची चिन्हे शाबूत ठेवण्यासाठी अक्षरांचे क्रमांक हलवलेले असतात, पण आठवा बिट त्यातही लागतोच. हिशोबाच्या फाइलमध्ये हे नुकसान भरून येत नाही, कारण क पासून झालेला ३ आणि रकमेतला खरा ३ यांत फरक करायला काहीच उरत नाही.

हे मी स्वतः करून बसलो आहे. पाचोऱ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये ३८६ वरचा जुना रोजमेळ बाहेर काढायचा होता. आदल्या दिवशी मी तोच लॅपटॉप वजनकाट्याला जोडला होता, आणि काटा सात बिट, ईव्हन पॅरिटीने बोलत असे. तीच मांडणी मी दोन्ही टोकांना कायम ठेवली, रोजमेळाची फाइल डॉसच्या कॉपी आज्ञेने सरळ कॉम पोर्टवर ढकलली आणि लॅपटॉपवर लॉग पकडला. रकमा व्यवस्थित उतरल्या. नावांच्या जागी आकडे आणि रोमन अक्षरे उभी राहिली. शेजारी उभे असलेले वृद्ध मुनीमजी काळजीने म्हणाले, “भाऊ, मन्हा सगळा हिशोब त्यामा शे.” मूळ फाइल डिस्कवर शाबूत होती म्हणून निभावले, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, म्हणजे ८-एन-१ ही मांडणी लावून, आणि या खेपेला कर्मिट या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने, ती पुन्हा आणली.

यावरून निवडीची पहिली अट ठरते: सॉफ्टवेअरमध्ये ८-एन-१ असावे आणि आठवा बिट काढून टाकण्याचा पर्याय उघडपणे बंद करता यावा. दुसरी अट अशी की महत्त्वाची फाइल कधीही नुसता मजकूर म्हणून पाठवू नये, कारण त्या पद्धतीत चूक झाली हे कुणालाच कळत नाही. वर्डस्टार वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण त्याच्या जुन्या आवृत्त्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत.

कोणता प्रोटोकॉल

प्रोटोकॉल म्हणजे फाइल तुकड्यांत पाठवून ती नीट पोचली की नाही हे तपासण्याचे नियम. एक्समोडेम १९७७ मध्ये वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी लिहिला. तो १२८ बाइटांचा तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा तुकडा पाठवतो. फाइलचे नाव आणि नेमकी लांबी तो कळवत नाही, म्हणून शेवटचा तुकडा कंट्रोल-झेडने भरला जातो आणि फाइल १२८ च्या पटीत फुगते. दुसरे काहीच नसेल तेव्हा तो चालतो. वायमोडेम नाव आणि लांबी दोन्ही पाठवतो आणि एका दमात अनेक फाइली नेतो.

झेडमोडेम चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये आणला. तो प्रत्येक तुकड्याला पोच मागत बसत नाही, चूक झाली तेवढ्याच जागेवर मागे येतो, आणि तुटलेली फाइल तिथूनच पुढे चालू करतो. ३६० किलोबाइटची फ्लॉपी २४०० च्या वेगाने पाठवायला आदर्श स्थितीतही साधारण २६ मिनिटे लागतात. चोविसाव्या मिनिटाला वीज गेली तर काय होईल, याचा विचार केला की झेडमोडेमची किंमत समजते.

कर्मिट कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी घडवला. तो संथ आहे अशी त्याची ख्याती आहे, आणि मूळ मांडणीत ती खरीही आहे, कारण त्याचे पाकीट जेमतेम ९४ अक्षरांचे असते. पण लांब पाकिटे आणि सरकती खिडकी (पोच येण्याआधीच पुढची पाकिटे पाठवणे) या दोन गोष्टी सुरू केल्या, म्हणजे पाकिटाची लांबी १००० आणि खिडकी ४ केली, की तो चांगलाच पळतो. त्याचा खरा गुण वेगळा आहे. तार सात बिटांचीच असेल तर त्याला तशी पॅरिटी सांगावी. मग आठव्या बिटाचे प्रत्येक अक्षर तो एका खास खुणेमागे लपवून नेतो आणि पलीकडे पुन्हा मूळ रूपात उभे करतो. दोन्ही टोकांना फाइलचा प्रकार बायनरी ठेवावा, एवढे मात्र विसरू नये. म्हणून माझे मत असे की हिशोब, दस्तऐवज, मराठी मजकूर अशा न परतणाऱ्या गोष्टींसाठी कर्मिट, आणि बीबीएसवरून प्रोग्राम उतरवण्यासाठी झेडमोडेम.

आता नावे

एक्सटी किंवा २८६ असेल आणि काम माहिती वाचवण्याचे असेल, तर एमएस-डॉस कर्मिट घ्यावा. त्याला मेनू नाहीत, आज्ञा लिहाव्या लागतात, पण त्याच आज्ञा एका फाइलमध्ये ठेवल्या की दर वेळी नेमके तेच घडते. टर्मिनल म्हणूनही तो उत्तम आहे. व्हीटी १०० आणि त्याच्या पुढच्या टर्मिनलांची नक्कल तो इतकी काटेकोर करतो की युनिक्स यंत्रावर पूर्ण पडद्याचा संपादक बिनचूक चालतो.

बीबीएससाठी मी टेलिक्स सुचवतो. झेडमोडेम त्यात अंगभूत आहे, अँसी संकेतांनी काढलेले रंग आणि चौकटी नीट उमटतात, आणि साल्ट नावाच्या भाषेत लॉगिनची स्क्रिप्ट लिहिता येते. प्रोकॉम हा त्याच्याही आधीचा, शेअरवेअर (आधी वापरून पाहा, मग पैसे द्या) म्हणून घरोघर पोचलेला प्रोग्राम. शिकायला तो सर्वांत सोपा आहे, पण त्याच्या जुन्या शेअरवेअर आवृत्तीत झेडमोडेम अंगभूत नाही, त्यासाठी फोर्सबर्ग यांचाच डीएसझेड हा वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो. नंतरच्या प्रोकॉम प्लसमध्ये ही उणीव भरली गेली आणि अस्पेक्ट ही स्क्रिप्ट-भाषाही आली. क्यूमोडेम याच वर्गातला. या तिन्हींत अल्ट-डी दाबले की क्रमांकांची वही उघडते, पेज-अप ने फाइल पाठवता येते आणि पेज-डाउन ने घेता येते, त्यामुळे एक शिकला की दुसरा अवघड जात नाही.

विंडोज ३.१ मधला टर्मिनल फक्त एक्समोडेम आणि कर्मिट जाणतो. तपासणीपुरता तो ठीक आहे. विंडोज ९५ चा हायपरटर्मिनल झेडमोडेमही जाणतो आणि वेगळे काही न घालता चालतो, म्हणून तेवढ्या नव्या यंत्रावर तोच वापरावा. आजच्या संगणकाच्या टोकाला विंडोज असेल तर टेरा टर्म आणि लिनक्स असेल तर सी-कर्मिट ठेवावा. पुटी टर्मिनल म्हणून छान आहे, मात्र फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल त्यात नाही.

जुन्या पीसीची फ्लॉपी चालत नसेल तर सॉफ्टवेअर आत जाणार कसे, हा प्रश्न उरतो. एमएस-डॉस ६ असलेला दुसरा पीसी मिळाला तर त्यातल्या इंटरएसव्हीआर या प्रोग्रामची आरकॉपी ही सोय नल मोडेम केबलवरून स्वतःच्याच फाइली पलीकडे उतरवते. पलीकडच्या पीसीवर काय टाइप करायचे ते तीच सांगते. एकदा ते झाले की बाकीचे त्याच वाटेने नेता येते.

मोडेमला बोलते करणे

खरा मोडेम असो वा वायफायचा, दोन्ही हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमची आज्ञाभाषा समजतात. टर्मिनलमध्ये एटी लिहून एंटर दाबावे. ओके असे उत्तर आले तर पोर्ट, केबल आणि वेग तिन्ही बरोबर आहेत. उत्तर नाही आले तर आधी पोर्ट बदलून पाहावा, मग वेग. त्यानंतर एटी&एफ लिहून मोडेमला कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणावे.

आपल्याकडची डायल टोन परदेशी मोडेमला ओळखू येत नसे आणि तो डायल टोन नाही असे सांगून थांबे. त्यावर एटीएक्स३ हा उपाय आहे. मग मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. टोन डायलिंगसाठी एटीडीटी, आणि जुन्या एक्स्चेंजसाठी एटीडीपी म्हणजे पल्स डायलिंग. कार्यालयातल्या एक्स्टेन्शनवरून बाहेरची लाइन घ्यायची असेल तर पहिल्या आकड्यानंतर स्वल्पविराम द्यावा, तो साधारण दोन सेकंद थांबवतो. वायफाय मोडेमवरून झेडमोडेम वारंवार अडखळत असेल तर त्याच्या मांडणीतला टेलनेटचा पर्याय बदलून पाहावा, कारण टेलनेटमध्ये २५५ क्रमांकाच्या बाइटला खास अर्थ असतो आणि बायनरी फाइलमध्ये तो बाइट असतोच.

खरी फाइल पाठवण्याआधी

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहून ० ते २५५ हे सर्व बाइट एका फाइलमध्ये ओळीने लिहावेत. ती फाइल आजच्या संगणकाकडे पाठवावी, वेगळ्या नावाने परत आणावी, आणि डॉसवर एफसी /बी या आज्ञेने दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. १२८ पासून पुढे फरक दिसला तर आठवा बिट गळतो आहे. १७ आणि १९ या बाइटांपाशी गडबड असेल तर थांबण्याच्या खुणा मजकुरात मिसळल्या जात आहेत, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (७ आणि ८ च्या तारांवरून थांबवण्याची पद्धत) सुरू करावा. एक्समोडेमने पाठवले असेल तर शेवटी जास्तीचे बाइट दिसू शकतात, ते कंट्रोल-झेडचे भरण असते. फरक नाही असे उत्तर येईपर्यंत रोजमेळाला हात लावू नये.

ते उत्तर आले की सर्व फाइली पीकेझिपने एका झिपमध्ये बांधाव्यात, म्हणजे प्रत्येक फाइलची वेगळी पडताळणी-बेरीज सोबत जाते, आणि पलीकडे पोचल्यावर झिपची तपासणी करून मगच ती उघडावी. पडद्यावर देवनागरीऐवजी रेघा आणि परकी चिन्हे दिसली तर घाबरू नये. जिस्ट कार्ड नसलेल्या यंत्रावर ती तशीच दिसतात आणि फाइल शाबूत असते. शेवटी पोर्ट, वेग, ८-एन-१, फ्लो कंट्रोल, पाकिटाची लांबी आणि मोडेमच्या सुरुवातीच्या आज्ञा एका जाड कागदावर लिहून तो कागद पीसीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि नल मोडेम केबल त्याच यंत्राबरोबर बांधून ठेवावी.